सुटणारा पट्टा

माझे सासरे आलोइस फाल्कनर घोड्यांचा साज शिवायचे. त्यांनी शिवलेला पट्टा तुटला, असं डोंगरातल्या आमच्या हिंटरमोस गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यांची मुलगी, माझी नणंद मेना, हिने अर्धं आयुष्य सुटणारे पट्टे शिवण्यात घालवलं. बापलेकीचं यावरून जे वाजलं ते मी अगदी जवळून पाहिलं. सुरुवात झाली तेव्हा तर मी तिच्या समोरच होते, हवेत लटकत.

फिलोमेना हे तिचं चर्चमधलं नाव. ते पाद्र्याखेरीज कुणी घेत नसे. उंच, हाडापेराने मोठी, चालायची तर कुठेतरी उशीर झाल्यासारखी. तिची आई म्हणायची, "ही जन्मली तेव्हाही घाईतच होती, सुईण वाटेतच राहिली." वर डोंगरावर श्टाइनआल्मला विल्माची खाणावळ होती. तिथे हिवाळ्यात पाव, अंडी, लोणी पाठीवर नेऊन द्यायचं काम मेनाकडे होतं. दोराला टांगलेल्या खुर्च्यांची लिफ्ट नव्हती तेव्हा स्कीच्या तळाला, घसरू नये म्हणून, कातड्याच्या पट्ट्या बांधून चढायचं, की अर्धी सकाळ जायची. उतरताना मात्र ती पंधरा वळणांत खाली. गावातले म्हातारे तिला उतरताना बघायला म्हणून दारात खुर्ची टाकून बसत.

लिफ्ट आली त्या हिवाळ्यात माझं अजून लग्न व्हायचं होतं. तिचा भाऊ सेप, त्याच्याशी ठरलं होतं. आताच्यासारखी सहा-सहा जणांची, काचेच्या झाकणाची लिफ्ट नव्हती ती. एका खुर्चीत एक माणूस. लाकडी खुर्ची, पाठीला आडव्या फळ्या, पोटाशी एक साखळी. खालून बसलं की कुणीतरी गुडघ्यांवर घोंगडी टाकायचं आणि मग नुसती शांतता. खांबावरून जाताना चाकांचा खडखडाट, पुन्हा शांतता. कुणाशी बोलायचं तर मान वळवून ओरडावं लागे, म्हणून कुणी बोलत नसे. मला अजून झोपेत कधीकधी तो खडखडाट ऐकू येतो आणि बरं वाटतं.

त्या सकाळी मेना माझ्या पुढच्या खुर्चीत होती. पाठीवर तिच्या आजोबांच्या वेळची मोठी सॅक, तिला सासऱ्यांनी नवे पट्टे घातलेले. छातीवर एक आडवा पट्टा, त्याचं टोक वीतभर लोंबत होतं. खांद्याच्या पट्ट्यांचीही टोकं तशीच. तेव्हा कुणाला त्यात काही वाटत नसे. पाठीवर सॅक ठेवूनच सगळे बसायचे. मग माणूस निम्मा बाहेर राहतो, बूड फळीच्या काठावर टेकतं, आणि आपण साखळीला धरून देवाचं नाव घेत वर जातो.

वर उतरायच्या जागी मेना उभी राहिली, स्की पुढे सरकल्या, आणि पट्ट्याचं टोक फळ्यांच्या फटीत गेलं. बक्कल आडवं झालं आणि अडकलं. खुर्चीने मोठ्या चाकाला वळसा घातला आणि मेनालाही बरोबर नेलं. लिफ्ट सांभाळणारा हानेस आत शेगडीत लाकूड सारत होता. तो धावत येऊन लिफ्ट थांबवायचा दांडा ओढेपर्यंत मेना दुसऱ्या बाजूने परत खाली निघाली होती, पाठ खुर्चीला, पाय हवेत, खुंटीला कोट टांगावा तशी.

लिफ्ट थांबली. माझी खुर्ची उतरायच्या जागेच्या जरा अलीकडे हेलकावे खात राहिली. मेना माझ्या समोरच, पलीकडच्या दोराला. मधे दोन गाई उभ्या राहतील एवढं अंतर.

"मेना, जिवंत आहेस का?" मी विचारलं.

तिने लगेच उत्तर दिलं नाही. तेव्हा मी नीट पाहिलं. छातीवरचा पट्टा सरकून गळ्याशी आला होता. तिने डाव्या हाताची दोन बोटं पट्टा आणि गळा यांच्या मधे घातली होती, आणि सगळा भार त्या दोन बोटांवर होता.

"तू बोल," ती म्हणाली. आवाज पिळून काढल्यासारखा. "मला बोलायला लावू नकोस. काहीही बोल."

काय बोलायचं? मी लग्नाचं बोलायला लागले. "सूपचं ठरत नाहीये. तुझी आई म्हणते काळजाच्या मांसाचे गोळे घालायचे, माझी आई म्हणते शेवया. सेप म्हणतो दोन्ही घाला, म्हणजे दोघी रागावतील. टोपी आणलीय, ती मला होत नाही. तुझ्या आत्याला कुठे बसवायचं तेही..."

"गोळे," मेना म्हणाली.

हानेस शिडी घेऊन आला, बर्फात रोवली, चढला, आणि खिशातला चाकू काढून पट्टा कापायला लागला. कापेना. तो घासतोय, शिव्या देतोय, पट्टा आपला आहे तसाच.

"काय पाजतो तुझा बाप या चामड्याला?" हानेस म्हणाला.

शेवटी पट्टा तुटला आणि मेना त्याच्यावर, तो शिडीवर, शिडी बर्फात. दोघं उठून बसले तेव्हा कुठे मला रडू आलं. मी अजून वरच होते. मला उतरवायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं.

संध्याकाळी मी सेपबरोबर त्यांच्या घरी गेले. सासऱ्यांनी ती सॅक मांडीवर घेतली होती. चष्मा लावून ते पट्ट्याचं कापलेलं टोक बघत होते, अंगठ्याने चाचपत होते.

"कापलाय," ते म्हणाले. "तुटला नाही."

मेनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आपली ताटली उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने जेवली. बोटं काळीनिळी झाली होती. दारात सापडली, असं तिने आईला सांगितलं. गळ्याला रुमाल बांधला होता तो कितीतरी दिवस तसाच होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्या पायावर पाय दिला. पुढे कित्येक वर्षं आम्ही दोघी त्यावर एकमेकींशी बोललो नाही.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. टांगलेली मेना, हे नाव पडलं. वसंतातल्या सोंगांच्या मिरवणुकीत पोरांनी पेंढ्याची बाई करून खुर्चीला टांगली आणि बँडच्या मागे फिरवली. सगळे मेनाकडे बघत होते. ती हाताची घडी घालून उभी. बाहुली समोर आली तेव्हा म्हणाली, "स्की उलट्या घातल्यात रे. डावी उजवीकडे." त्यानंतर ते नाव आपोआप मागे पडलं.

लग्न होऊन मी त्या घरात गेले. सूपमध्ये गोळे होते. साजाच्या कामाला तेव्हा उतरती कळा लागली होती. शेतात ट्रॅक्टर आले, घोडे कमी झाले. कारखान्यात सासरे आणि मेना दोघं बसायचे. चामड्याचा, मेणाच्या दोऱ्याचा, सरसाचा वास आणि मधोमध लोखंडी शेगडी. मी भाजी निवडायला तिथेच बसायची, कारण घरात सगळ्यात ऊब तिथे. त्यामुळे भांडण माझ्यासमोरच सुरू झालं.

"बाबा," मेना म्हणाली, "घोडा नदीत पडला, बर्फात रुतला, तर तुम्ही साज एका झटक्यात मोकळा करता. पट्ट्याच्या फासात घातलेली ती खुंटी ओढली की झालं."

"मग?"

"मग माणसाला का नाही?"

"घोडा महाग असतो," सासरे म्हणाले, वर न बघता.

मला हसू आलं. मेनाला आलं नाही. "सॅकच्या डाव्या पट्ट्याला तशी खुंटी लावायची. अडकलं की ओढायची, सॅक खुर्चीबरोबर जाईल, माणूस राहील."

"आणि उतरताना पडलं, खुंटी आपणहून निसटली, तर सॅक दरीत. मग लोक म्हणणार, फाल्कनरांचा पट्टा सुटला. माझ्या बापाच्या बापापासून पट्टा सुटला नाहीये. माझ्या कारखान्यात सुटणारा पट्टा शिवायचा नाही."

"ठीक आहे," मेना म्हणाली. आरी, दोरा, दाभण उचललं आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "वहिनीबाई, तुमचं राज्य आहे ना इथे? मला एक कोपरा द्या."

एरवी ती मला ट्राउडी म्हणायची. वहिनीबाई म्हणाली की समजायचं, आता काहीतरी भोगायचंय. त्या हिवाळ्यात आमच्या पिठात चामड्याचे कातरलेले तुकडे सापडत होते. सेप एकदा चावता चावता थांबला, तोंडातून काहीतरी काढलं, प्रकाशात धरलं आणि म्हणाला, "बक्कल नाही, एवढंच नशीब."

तिने पहिल्यांदा सगळी लोंबती टोकं काढली. प्रत्येक पट्ट्याचं उरलेलं टोक आत दुमडून बसेल अशी खोळ शिवली. सॅकच लहान केली. खांद्यांपेक्षा रुंद नाही, आणि बसल्यावर डोक्याच्या मागे येणार नाही एवढीच उंच. मग खुंटी. पहिली खुंटी फारच गुळगुळीत झाली. ती घालून ती विल्माकडे अंडी घेऊन निघाली. लिफ्टने वर ठीक पोचली, पण लिफ्टपासून खाणावळीपर्यंत जो उतार आहे तिथे एका उंचवट्यावर खुंटी निसटली. सॅक एका खांद्यावरून झुलली, दुसऱ्यावरून गळाली आणि ओढ्यापर्यंत घसरत गेली. तिथे ती उघडी पडली आणि बर्फावर पिवळा पट्टा उमटला, तो गावातूनही दिसत होता.

सासऱ्यांनी खिडकीतून पाहिलं. "छान शिवलीस," ते म्हणाले. "अंडी मोकळी झाली."

दुसरी खुंटी तिने खरखरीत केली. ती निसटली नाही, पण भार आला की ओढूनही निघेना. मेनाने ती सॅक माझ्या पाठीवर घालून सेपला मागून ओढायला लावलं. मी खुंटी ओढतेय, सेप सॅक ओढतोय, सॅक हलत नाही, मी मात्र धरलेल्या टेबलासकट मागे सरकतेय. मेना चुलीपाशी बसली आणि पहिल्यांदाच मी तिला डोळे पुसताना पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बाबा म्हणतात तेच खरं असेल."

तेव्हा मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वर गेली असताना मी कारखान्यात गेले. सासरे खोगीर पालथं घालून शिवत होते.

"मामंजी," मी म्हटलं, "त्या दिवशी मी समोर होते."

"हं."

"पट्टा गळ्याला आला होता. तिने दोन बोटं मधे घातली होती. बोटं काढली असती तर... दारात नव्हती सापडली बोटं."

त्यांनी दाभण खाली ठेवलं नाही, वर पाहिलं नाही.

"कुठली दोन?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली. त्यांनी आपल्या हाताची तीच दोन बोटं पाहिली आणि पुन्हा शिवायला लागले. मी परत आले. वाटलं, चुकलं आपलं, म्हाताऱ्याला उगीच दुखावलं.

दोन-चार दिवसांनी दुपारी कारखान्यातून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. मी धावले. साज टांगायच्या तुळईला मेनाची सॅक दोराने बांधलेली, एक पट्टा मोकळा, आणि खाली जमिनीवर सासरे बसलेले, पाय पसरून, चष्मा एका कानावर. बाजूला बाक आडवं पडलेलं. त्यांनी सॅक घातली होती, बाकावर चढले होते आणि बाक पायाने ढकलून दिलं होतं. सत्तरीच्या घरातला माणूस.

"मामंजी, लागलं का?"

"सुटला," ते म्हणाले. हातात अक्रोडाच्या लाकडाची खुंटी होती, मधे कमरेसारखी बारीक, एका बाजूला जरा पसरट. "भार असताना सुटला. बघ, कमर पाहिजे होती तिला. बारीक कमर असली की आपणहून निसटत नाही, आणि ओढली की अडत नाही. मेनाला सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"मी कसा उठू? खांदा गेलाय माझा."

खांद्याचं हाड खरंच मोडलं होतं. मेना आली, तिने बापाला झोळीत हात अडकवून बसलेलं पाहिलं, खुंटी पाहिली, तुळई पाहिली. ती म्हणाली, "आधी उशी तरी टाकायची खाली."

"घोड्याच्या वेळी कुठे टाकतो?" सासरे म्हणाले.

झालं. एवढंच बोलणं झालं दोघांत, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा कारखान्यात बसायला लागली. माफी वगैरे काही कुणी मागितली नाही. गळ्याचा विषयही कधी निघाला नाही. फक्त छातीवरचा आडवा पट्टा सासऱ्यांनी खाली आणला आणि तो मागे शिवून असा पक्का केला की वर सरकूच शकणार नाही. आणि ते आपल्या हातची प्रत्येक सॅक तिथेच ओढून बघायचे, डाव्या हाताच्या दोन बोटांनी.

पुढची जी काही वर्षं गेली ती मला आता सगळ्यात जास्त आठवतात. हिवाळ्यात मेना वरच्या ठाण्यावर लिफ्ट सांभाळायची, कारण हानेसला खालच्या ठाण्यावर पाठवलं होतं. उन्हाळ्यात बापलेक सॅका शिवायचे. आमच्या खोऱ्यातला कुणी स्की शिकवणारा, कुणी वाटाड्या, कुणी पोस्टवाला असा नव्हता की ज्याच्या पाठीवर फाल्कनरांची सॅक नाही. सासरे मापं घ्यायचे. मान खाली घालायला सांगून मानेचं वर आलेलं हाड शोधायचे आणि तिथून कमरेच्या हाडापर्यंत दोरी लावायचे. "उंची सांगू नकोस, पाठ दाखव," म्हणायचे. "उंच माणसाची पाठ आखूड असते, बुटक्याची लांब असते, आणि बायकोला दोन्ही माहीत नसतं."

फेर्डल नावाचा स्की शिकवणारा होता, त्याला सगळं मोठं लागायचं. मोठी मिशी, मोठा आवाज. तो आला आणि म्हणाला, "मला याच्या दुप्पट पाहिजे."

"कशाला? कुणाला पळवून नेतोयस?" मेनाने विचारलं.

"सामान असतं गं."

"काढ बाहेर बघू सामान." तिने त्याची जुनी सॅक बाकावर पालथी केली. एक जाडजूड स्वेटर, दुसरा स्वेटर, सुकवलेल्या मांसाचा हातभर तुकडा, दारूची बाटली, आरसा. "आरसा कुणासाठी?"

"मिशीला बर्फ चिकटतो."

मेनाने बाटली आणि मांस पाठीकडच्या बाजूला, मधोमध उभं लावलं, एक स्वेटर भोवती कोंबला, दुसरा त्याच्या हातात दिला. "जड ते पाठीला चिकटून. बाहेरच्या बाजूला ठेवलंस की वळताना तेच तुला वळवतं. कमरेचा पट्टा वर पोचल्यावर बांधायचा, लिफ्टमधे नाही. आणि खुर्ची यायच्या आधी सॅक कुठे?"

"पाठीवर."

"फेर्डल."

"मांडीवर," फेर्डल म्हणाला, शाळेतल्या पोरासारखा.

"एक हात एका पट्ट्यात, म्हणजे खाली पडायची नाही. दोन्ही हात घालायचे नाहीत. टोकं आत. उतरायच्या आधी हातात उचलून धरायची, उतरून बाजूला व्हायचं आणि मग पाठीवर घ्यायची. वाटेत उभं राहून नाही, मागचा येऊन आदळतो."

"मग ही खुंटी कशाला?"

"तू ऐकणार नाहीस म्हणून," मेना म्हणाली. "आणि ऐक, ओढायची तर लगेच, पाय बर्फावर आहेत तोवर. हवेत गेलास की हात लावायचा नाही, ओरडायचं. वरून पडलास तर मिशीही वाचवणार नाही."

वरच्या ठाण्यावर ती दिवसभर तेच करायची. निळा कोट, कानटोपी, हातात फावडं. खुर्ची जवळ आली की, "सॅक पुढे. साखळी काढा. टोकं बघा." पाहुणे म्हणायचे, ही बाई हसत नाही. गावचे म्हणायचे, हसली तर दांडा ओढायला उशीर होईल. एका हाताचा पंजा कायम दांड्यावर. शेगडीत लाकूड घालायचं तर ती पाठमोरी होत नसे, पायाने सारायची.

खरी परीक्षा झाली ती लेनाच्या वेळी. लेना आमची पोस्टवाली, नुकतीच लागलेली, अंगाने चिमणी. श्टाइनआल्मचं टपाल घेऊन वर येत होती. वारा होता, हात गारठले होते, सॅक पाठीवरून काढायचा तिने कंटाळा केला. उतरताना पट्ट्याचं बक्कल फळीत अडकलं. मेनाने दांडा ओढला, पण दोर थांबायला दोन-तीन माणसांएवढी जागा घेतो. लेना उलटी फरफटत चाकाकडे चालली.

"खुंटी," मेना ओरडली. "डावीकडे. आत्ता."

लेनाने जाड हातमोज्यानिशी खुंटी ओढली आणि बर्फावर बसली. सॅक खुर्चीला लटकून थोडी पुढे गेली आणि थांबली. मेनाने लेनाला उठवलं, हात-पाय बघितले, आत नेऊन चहा दिला. मागे माणसं हवेत थांबली होती म्हणून लिफ्ट सुरू केली आणि ती सॅक मात्र विसरली. सॅक गेली आपली खाली, एकटीच, सगळं खोरं बघत.

खाली हानेस. त्याने खुर्ची येताना पाहिली. खुर्चीत लेना नाही, लेनाची सॅक आहे, एक पट्टा उघडा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टेलिफोन उचलला.

"मेना. पोरगी कुठेय?"

"कुठली?"

"लेना. सॅक आलीय. नुसतीच सॅक आलीय."

"ती इथे आहे. चहा पितेय. साखर जास्त घेते."

हानेसने टेलिफोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "तुझ्या बापाला जाऊन सांगू?"

"सांग. पण पट्टा तुटला नाही, असं सांग. सुटला."

हानेस लिफ्ट दुसऱ्याच्या हाती देऊन, तसाच कोट घातलेला, गावातून चालत आमच्या घरी आला. सासरे तेव्हा आजारी असायचे, शेगडीशी खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी सॅक मांडीवर घेतली, खुंटीची जागा अंगठ्याने चाचपली. म्हणाले, "बरं झालं." मग मला म्हणाले, "ट्राउडी, हानेसला काहीतरी प्यायला दे, याचा चेहरा बघ." स्वतःही घेतली, डॉक्टरने नको म्हटलं असताना. त्याच साली उन्हाळ्यात ते गेले.

हानेसचं सांगायचं राहिलं. वरच्या आणि खालच्या ठाण्यामधे तो टेलिफोन होता, हाताने फिरवायचा. रोज सकाळी दोघं एकमेकांना सांगत, वर वारा किती, खाली गर्दी किती. कामाचं संपलं की बिनकामाचं. सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं की यांचं होणार. एकदा हानेसने टेलिफोनवरच विचारलं. मेना म्हणाली, "वारा फार आहे, ऐकू येत नाही." त्याने पुन्हा विचारलं नाही. पुढे पलीकडच्या खोऱ्यातली मुलगी केली, तीन मुलं झाली. टेलिफोन मात्र रोज चालूच राहिला, दोघं निवृत्त होईपर्यंत. कितीतरी वर्षांनी, आम्ही दोघी जाम ढवळत होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "वारा नव्हता त्या दिवशी."

"मग का गं?"

"त्याने कापून खाली काढलं होतं मला," ती म्हणाली. "रोज घरात ते कुणी आठवून देणार, ते नको होतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण तसा तो आठवून देणारा माणूस नव्हता." आणि जाम लागतंय का ते बघायला वाकली.

जुनी लिफ्ट काढली तेव्हा खुर्च्या लोकांनी बागेत ठेवायला नेल्या. नव्या खुर्च्यांत सहा जण बसतात, पुढे आडवा दांडा येतो, पाठीला फळ्याच नाहीत. कारखान्यात गिऱ्हाईक येईनासं झालं. दुकानांत रंगीबेरंगी, पिसासारख्या हलक्या सॅका आल्या, चिमटीत दाबलं की उघडणारी बक्कलं. मला राग यायचा. मेनाला नाही. ती दुकानात जाऊन प्रत्येक बक्कल दाबून बघायची, ओढून बघायची, दुकानदार वैतागेपर्यंत.

"चांगलं केलंय," ती मला म्हणाली. "एका हाताने उघडतं, हातमोजा असला तरी. बाबांना आवडलं असतं."

"त्यांना प्लास्टिक आवडलं असतं?"

"चार दिवस शिव्या दिल्या असत्या, मग रात्रभर खोलून बसले असते."

तिने स्वतः एक विकत घेतली, नारिंगी. घरी आणून पहिलं काम काय, तर लोंबणारी टोकं कात्रीने आखूड केली आणि मेणबत्तीवर धरून वितळवली. मग आरशासमोर पाठमोरी उभी राहून म्हणाली, "बघ तरी, म्हातारी कशी दिसते." बरी दिसत होती.

स्की तिने खूप उशिरा सोडली, गुडघ्याने सोडायला लावली. त्यानंतर आम्ही दोघी स्कीशिवायच लिफ्टने वर जायचो. मांडीवर सॅक, त्यात विणकाम आणि दोन सफरचंदं. विल्माची नात आता खाणावळ चालवते. ती आमच्यासाठी तव्यावर फोडून केलेलं गोड धिरडं आणायची, वर आलुबुखाराची चटणी. भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचं. मेना कधी बोलायची, कधी नाही.

शेवटच्या वसंतात आम्ही तशाच बसलो होतो. बर्फ मऊ झाला होता, छपरावरून पाणी ठिबकत होतं. एक जाडसर पाहुणी ताटली घेऊन आमच्या बाकावर येऊन बसली. तिला काही बोलायचं होतं, पण मेनाला उन्हात डुलकी लागली होती. तोंड जरा उघडं, कानटोपी एका डोळ्यावर सरकलेली. धिरडं अर्धं राहिलं होतं.

"आई आहे का तुमची?" पाहुणीने हळूच विचारलं.

"नणंद," मी म्हटलं. मला तिचा राग आला, कारण मेना माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती. पण मेना जागी झाली असती म्हणून काही बोलले नाही. उरलेलं धिरडं मी खाऊन टाकलं, गार झालं असतं.

पहिला बर्फ पडायच्या आधी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, ती गेली. झोपेत गेली. सेप आधीच गेला होता, त्यामुळे घरात आता मीच. हानेस काठी टेकत आला होता मातीला. म्हणाला, "आज वारा नाही." मी म्हटलं, "नाही." मग आम्ही दोघं फाटकापर्यंत चालत गेलो.